टिक्कर तालच्या काठचा मुक्काम

चंडीगडमधून निघून पंचकुला मागे टाकलं आणि मोरनीच्या डोंगरात शिरलं, की दीड-दोन तासांत टिक्कर ताल येतं. खरं तर ही दोन तळी आहेत, बडा टिक्कर आणि छोटा टिक्कर. मधे एक टेकडी आडवी आहे, पण दोन्हीकडच्या पाण्याची पातळी कायम सारखी असते, आतून कुठूनतरी वाट आहे, असं गावकरी सांगतात. ही समजूत नवी नाही. मोरनीचा हा मुलूख अंबाला जिल्ह्यात होता, तेव्हाच्या इंग्रजी गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. गावकरी ही तळी पवित्र मानतात, मोठ्या तळ्याच्या काठी कृष्णाचं पडकं देऊळ आहे आणि तिथे दरवर्षी जत्रा भरते, असंही त्यात म्हटलं आहे.

मला त्या नोंदीतली जत्रा महत्त्वाची वाटते. मोरनीच्या वाड्या डोंगरावर विखुरलेल्या. गाडीरस्ता नसताना तिथून तळ्यावर जायचं म्हणजे दिवसभराची चाल, आणि जत्रेला आलेल्या माणसाला संध्याकाळी परत निघणं शक्यच नव्हतं. तो तिथेच निजणार, काठावर चूल मांडणार, रानातलं वाळकं लाकूड गोळा करणार. आज तरुण मुलं पाठीवर तंबू बांधून ज्याला कॅम्पिंग म्हणतात, ते या पाण्याकाठी देवाच्या निमित्ताने पिढ्यान् पिढ्या चालत आलं असणार.

मी मूळची सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. यजमान फौजेत होते. १९८५ साली वेस्टर्न कमांडचं मुख्यालय शिमल्याहून चंडीगडजवळच्या चंडीमंदिरला आलं, त्यानंतर काही वर्षांनी त्यांची इथे बदली झाली. निवृत्तीनंतर आम्ही चंडीगडलाच घर केलं. टिक्कर तालला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलं लहान होती. जुनी ताडपत्री, दोन कांबळी, रॉकेलचा स्टोव्ह एवढंच सामान होतं. कुठे राहू, असं काठावर म्हशी पाजायला आलेल्या एका बाबाजींना विचारलं. त्यांनी हाताने जागा दाखवली आणि म्हणाले, तिकडे राहा बेटी, पण ही पायवाट सोडून, सकाळी जनावरं पाण्यावर याच वाटेने उतरतात. पैशांचा विषय निघाला नाही. रात्री त्यांच्या घरून लस्सीची बादली आली. सकाळी आम्ही राख मातीखाली पुरली, ते लांबून बघत होते. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी आधीच ओळख दिली.

मला ते सगळं माहेरचं वाटलं. आमच्याकडचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात. कापणी झालेल्या भाताच्या खाचरांत त्यांची मेंढरं बसतात. रात्रभर लेंड्या आणि मूत जमिनीत जिरतं, शेतकऱ्याला खत मिळतं आणि धनगराला धान्य. वाड्याने, म्हणजे धनगरांच्या तांड्याने, कुठे उतरायचं, पाणी कुठलं घ्यायचं, किती रात्री राहायचं हे बोलून ठरतं. कागद नसतो. धनगर मुक्कामाचं भाडं देत नाही, तरी त्याला तो मुक्काम फुकट पडतो असं कुणी म्हणणार नाही. आजोबा म्हणायचे, मेंढरं बसली नाहीत तर खाचर रुसतं.

शिवालिकच्या पायथ्याशी हेच नातं गुज्जरांचं होतं. हिवाळ्यात म्हशी घेऊन ते या खालच्या जंगलात उतरायचे, उन्हाळा लागला की हिमाचलच्या वरच्या कुरणांकडे निघायचे. पाण्याजवळ गवताने शाकारलेला डेरा टाकायचा, दूध-तूप जवळच्या बाजारात विकायचं. चराईचा कर त्यांनी राजांना दिला, पुढे जंगलखात्याला दिला. पण तो कर जनावरामागे होता. माणसाच्या निजण्यावर कुणी दाम लावल्याचं मी ऐकलेलं नाही. पाण्याकाठी रात्र काढायचा हक्क या मुलखात सगळ्यांचाच मानला जात असावा. तो सांभाळणाऱ्या रीती मात्र होत्या: वाट सोडायची, पाणी गढूळ करायचं नाही, ओलं झाड तोडायचं नाही, आणि निघताना जागा पहिल्यासारखी करायची.

हे मोडलं कसं, याचा शोध घेताना माझ्यासमोर आला तो डोंगरच. शिवालिकचा डोंगर आपल्या सह्याद्रीच्या कातळाचा नाही. ठिसूळ वाळूचा दगड, चिकणमाती, गोटे यांचा तो ढीग आहे. अंगावरचं गवत गेलं की पहिल्याच पावसात माती सुटते. डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांना इथे ‘चो’ म्हणतात. आठ-नऊ महिने कोरडे पडलेले हे चो आषाढ-श्रावणात एका रात्रीत वाळूचा लोंढा घेऊन शेतांवर चालून येतात. एकोणिसाव्या शतकात होशियारपूरकडच्या शेतकऱ्यांची जमीन या वाळूखाली गेली. वरची झाडी तुटली होती, चराई बेसुमार झाली होती. म्हणून १९०० साली पंजाब सरकारने चोंसाठी खास कायदा केला: ठरावीक डोंगरांवर तोड बंद, चराई बंद. तो कायदा आजही चालू आहे. चंडीगडच्या आसपास डोंगराखालच्या जमिनीवर इमारत उठवायची म्हटलं की कोर्टात त्याचंच नाव निघतं.

कायदा गरजेचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वाळूने भरलेली शेतं मी पाहिली आहेत. पण त्याने डेऱ्यांची वाट कागदाने अडवली, हेही तितकंच खरं. डोंगर बोडका करण्यात लाकूडतोडीचा आणि वाढत्या वस्तीचा वाटा होता. निर्बंध मात्र त्याच्यावरही आले, ज्याच्याकडे दाखवायला सातबारा नव्हता.

पुढची गोष्ट शहराची. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला राजधानी हवी होती. खरड तहसिलातली गावं निवडली गेली. ७ ऑक्टोबर १९५३ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते चंडीगडचं उद्घाटन झालं. त्याच्या आदल्या वर्षी, १९५२ साली, शहराभोवतीच्या पट्ट्यात बांधकामावर बंधन घालणारा कायदा झाला होता, तो पट्टा पुढे १९६२ साली आणखी रुंद केला. मग १९५८ साली सुखना चोवर बांध घालून सुखना तळं तयार झालं. कल्पना शहराची आखणी करणारा वास्तुविशारद ल कॉर्बुझिए आणि पंजाबचे मुख्य अभियंते पी. एल. वर्मा यांची. तळ्याच्या पाण्यावर मोटारबोट नको, बांधावर गाड्या नकोत, हा कॉर्बुझिएचा आग्रह होता. तळ्याकाठच्या शिलालेखात त्याचा हेतू लिहिलेला आहे: शहराच्या धबडग्यातून सुटून माणसांना इथे शांततेत निसर्गाचा सहवास मिळावा. मला हा माणूस त्या एका निर्णयासाठी थोर वाटतो. आजही पहाटे बांधावर चालताना इंजिनाचा आवाज येत नाही. त्याचा चुलतभाऊ पिएर जानेरे या शहराचा मुख्य वास्तुविशारद होता. त्याने या तळ्यासाठी स्वतःच्या हाताने नावा बनवल्या, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी या पाण्यातच सोडल्या.

पण ज्या चोला अडवलं, त्याने आपला स्वभाव सोडला नाही. पहिल्या काही वर्षांतच तळं गाळाने भरू लागलं. पाणलोटाची जवळजवळ पंचवीस चौरस किलोमीटर जमीन सरकारने घेतली, झाडं लावली. १९७४ साली चोचा प्रवाह तळ्याला वळसा घालून वळवला आणि गाळ खाली बसवूनच पाणी आत येईल अशी व्यवस्था केली. १९८०च्या दशकाच्या शेवटी शहराने श्रमदान सुरू केलं. त्यात मीही घमेली वाहिली आहेत. कॉलेजची पोरं, सचिवालयातले बाबू, फौजी आणि त्यांची कुटुंबं एका रांगेत उभी राहून सुकलेल्या तळ्यातली माती उपसायची. दुपारपर्यंत हात भरून यायचे. त्या मातीला डोंगराचा वास यायचा.

ती माती येत कुठून होती? मृदसंधारणाच्या केंद्रीय संस्थेचं संशोधन केंद्र चंडीगडला आहे. तिथल्या पी. आर. मिश्रा आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात याचा माग काढला. गाळाचा मोठा भाग पाणलोटाच्या एका छोट्या तुकड्यातून येत होता, आणि त्या तुकड्याशी सुखोमाजरी नावाचं गाव होतं. वस्ती स्थायिक गुज्जरांची, कुटुंबं थोडी, शेती पावसावर आणि सगळी भिस्त शेळ्यांवर. तज्ज्ञ सांगू लागले, डोंगरावर चारू नका. गावाने विचारलं, मग खायचं काय?

या प्रश्नाला सुखोमाजरीत जे उत्तर मिळालं, ते या सगळ्या इतिहासातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. १९७६ साली तिथे मातीचा पहिला छोटा बंधारा झाला. तो बांधला होता गाळ अडवायला. पण पावसाने ओढ दिली तेव्हा गावाने त्यातलं पाणी गव्हासाठी मागितलं, पीक वाचलं, आणि सगळ्यांच्या ध्यानात आलं की डोंगर राखला तर पाणी आपल्याला मिळतं. मग भूमिहीन उभे राहिले. आम्हाला शेत नाही, आम्ही आमची शेळी का बांधायची? तेव्हा ठरलं की बंधाऱ्याच्या पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा सारखा वाटा, जमीन असो वा नसो. ज्याला शेत नाही, त्याने आपला वाटा विकावा. आपल्याकडे पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीतून हेच सांगत होते, पाणी जमिनीच्या हिशेबाने नव्हे, माणसांच्या हिशेबाने. दोन मुलुखांनी एकाच दशकात एकच न्याय शोधला, याचा मला माण तालुक्याची लेक म्हणून फार आनंद आहे.

सुखोमाजरीत शेळ्या कमी झाल्या, गोठ्यात म्हशी आल्या. डोंगरावर भाभर गवत माजलं. त्याच्या दोऱ्या वळतात, कागदाच्या कारखान्यालाही ते लागतं. गवताचा ठेका जंगलखात्याने गावाच्या संस्थेला दिला. तारेचं कुंपण घालावं लागलं नाही, गावाच्या शब्दाचंच कुंपण झालं.

तळ्याच्या वरच्या जंगलाला १९९८ साली सुखना अभयारण्य म्हणून घोषित केलं. खैर, शिसव, बहावा, बांबू यांची आता तिथे दाट झाडी आहे, सांबर आहेत, मोर तर पायात येतात. आत जायला परवानगी लागते. कांसल, नेपलीला वनखात्याच्या खोल्या आहेत, पण पाण्याकाठी आपलं पाल ठोकून राहणं बंद. मार्च २०२० मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने सुखना तळ्याला जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला. मी या सगळ्याच्या बाजूने आहे. थंडीत पट्टकदंब आणि चक्रवाक या पाण्यावर उतरतात, त्यांना रात्री आपल्या शेकोट्या नकोत.

म्हणून चंडीगडची मुलं तंबू घेऊन टिक्कर तालला जातात. तिथे आता हरियाणा पर्यटनाचं विश्रामगृह आहे, आजूबाजूला रंगीत तंबूंच्या ओळी आहेत, रात्री स्पीकर लागतात. पवनेच्या काठी, लोहगड-तुंग-तिकोन्याच्या सावलीत मी हेच चित्र पाहिलं. पवना धरणात जमिनी गेलेल्या कित्येक कुटुंबांचं पुनर्वसन अजून पुरतं झालेलं नाही, आणि त्यांच्याच जुन्या शिवारावर शहरातली माणसं एका रात्रीचे पैसे मोजतात. मुळशीला सेनापती बापटांनी १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्या पाण्याच्या काठीही आज सुट्टी घालवायला गर्दी होते. तिथे जाणाऱ्यांना दोष देत नाही. पाण्याकाठी निजावंसं वाटणं ही जुनी, चांगली ओढ आहे. पण ते पाणी कुणी राखलं किंवा कुणाच्या घरावरून आलं, हे तिथे पाटीवर लिहिलेलं नसतं. ते लिहावं असं मला वाटतं.

आणि टिक्कर तालसाठी माझी एक मागणी आहे, ती मी इथल्या बैठकांत मांडत आले आहे. मोठ्या तळ्याच्या वरच्या अंगाला, जनावरांच्या पाणवाटेपासून दूर, एक मोकळं माळरान विनाशुल्क ठेवावं. वीज नको, स्पीकर नको, बांधकाम नको. पाण्याचा एक नळ आणि शौचालयाचा खड्डा पुरे. पैसे नसलेल्या विद्यार्थ्याला, शाळेच्या सहलीला, जत्रेला चालत येणाऱ्याला, डोंगर उतरणाऱ्या गुज्जर कुटुंबालाही तिथे रात्र काढता यावी. कारभार वाडीच्या पंचायतीकडे असावा, आणि कोण किती दिवस राहील, लाकूड कुठलं घेईल, हे गावानेच सांगावं. सुखोमाजरीच्या माणसांनी एक अख्खा डोंगर असा शब्दावर राखून दाखवला आहे, एवढं माळरान मोरनीच्या माणसांना जड जाणार नाही.