निनावीपणा आणि सार्वजनिक वर्तन

निनावीपणा म्हणजे आपली खरी ओळख उघड न करता बोलण्याची, लिहिण्याची किंवा वागण्याची स्थिती होय. नाव मुळीच न देणे आणि टोपणनाव धारण करणे असे तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. ओळख झाकलेली असली की माणूस इतरांशी अधिक निष्ठुरपणे वागतो, हा समज जुना असून आंतरजालाच्या प्रसारानंतर तो दृढ झाला. मुंबईतील, विशेषतः गिरगाव परिसराशी निगडित लेखनाचा इतिहास या समजाला पूर्ण दुजोरा देत नाही. तेथे लेखक पडद्याआड असला, तरी त्याचा मजकूर छापणारा संपादक सर्वांसमोर उभा असे.

मानसशास्त्रीय विवेचन

समूहात मिसळल्यावर व्यक्तीची स्वतःविषयीची जाणीव व जबाबदारीची भावना मंदावते, अशी मांडणी लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये केली. महाराष्ट्रात शिमग्याच्या दिवसांत बोंब मारण्याची व शिवीगाळीची जी मुभा असे, ती याच जातीची म्हणता येईल; मात्र तिला तिथीचे बंधन होते. जॉन सुलर यांनी २००४ मध्ये आंतरजालावरील संकोचमुक्तीचे सौम्य आणि विषारी असे दोन प्रकार सांगितले. एकाच आडोशातून कोणी आपले दुःख मोकळेपणाने मांडतो, तर कोणी धमकी देतो. इस्राएलमधील नोआम लॅपिडॉट-लेफ्लर व अझी बराक यांच्या २०१२ मधील प्रयोगात मात्र कटू वर्तनाशी निनावीपणापेक्षा डोळ्याला डोळा न भिडण्याचा संबंध अधिक असल्याचे दिसून आले.

छापील टोपणनावे

भाऊ महाजन (गोविंद विठ्ठल कुंटे) यांनी १८४१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या 'प्रभाकर' साप्ताहिकात १८४८ पासून 'लोकहितवादी' या नावाने पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. लेखक गोपाळ हरी देशमुख हे सरकारी नोकरीत होते. १०८ पत्रांची ही माला 'शतपत्रे' म्हणून ओळखली जाते. तिच्यातील टीका जहाल आहे, आणि तिचा मोठा भाग लेखकाच्या स्वतःच्याच जातीवर आहे.

पुढील शतकात याच परंपरेला विनोदी वळण मिळाले. गिरगावातील मॅजेस्टिक बुक स्टॉलचे केशवराव कोठावळे यांनी १९६४ मध्ये 'ललित' मासिक काढले. त्यात जयवंत दळवी यांनी 'ठणठणपाळ' या नावाने 'घटका गेली, पळे गेली' हे सदर दीर्घकाळ चालवले. हातोडा घेतलेला ठणठणपाळ वसंत सरवटे यांनी रेखाटला. नामवंत साहित्यिकांची थट्टा हा सदराचा मुख्य विषय होता. एकच टोपणनाव वर्षानुवर्षे टिकले की त्यालाही स्वतःची पत निर्माण होते व ती सांभाळावी लागते.

'ए हिंदू लेडी'

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण रखमाबाईंचे आहे. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाई सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या. त्यांनी सासरी जाण्यास नकार दिल्यावर पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. दावा चालू असतानाच 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये 'ए हिंदू लेडी' या सहीने दोन पत्रे आली. २६ जून १८८५ चे पत्र बालविवाहावर, तर १९ सप्टेंबरचे सक्तीच्या वैधव्यावर होते. न्यायमूर्ती पिन्ही यांनी २१ सप्टेंबर रोजी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात प्रकरण फेरसुनावणीस आले. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा आदेश दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

टोपणनावाआडून लिहिणाऱ्या या स्त्रीने कोणा व्यक्तीवर चिखलफेक केली नाही. उलट तिच्यावरची कडवी टीका उघडपणे झाली. बाळ गंगाधर टिळकांचा विरोध जगजाहीर होता, आणि दादाजींनी १८८७ मध्ये आपली बाजू मांडणारी पुस्तिका स्वतःच्या नावाने छापली. रखमाबाईंना आडोशाची गरज होती ती हल्ला करण्यासाठी नव्हे, तर मत मांडता यावे म्हणून.

जबाबदारीचा प्रश्न

१८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणी अधिनियमाने छापील मजकुरावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ देणे बंधनकारक केले. लेखक अज्ञात राहिला, तरी जाब विचारण्यास एक पत्ता असे. समाजमाध्यमांवर ही मधली व्यक्ती उरत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ नुसार मध्यस्थ कंपनीला, काही अटींच्या अधीन राहून, वापरकर्त्याच्या मजकुराच्या दायित्वातून सूट मिळते.

जानेवारी २०२२ मधील 'बुल्ली बाई' प्रकरणात या पोकळीचे टोक दिसले. शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या संमतीविना वापरून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडण्यात आला होता. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने गुन्हा नोंदवून बेंगळुरू व उत्तराखंडमधून संशयितांना अटक केली; ते विशीच्या आसपासचे होते. संबंधित खात्यांना शीख वाटतील अशी नावे दिल्याचे पोलिसांनी सांगितले. येथे ओळख केवळ लपवलेली नव्हती, तर दुसऱ्या समाजाच्या माथी मारलेली होती.

निनावी धमकी ही साध्या धमकीहून गंभीर मानण्याची तरतूद आंतरजालाहून बरीच जुनी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ५०७ प्रमाणे तिला दोन वर्षांपर्यंत अधिकची शिक्षा होती. भारतीय न्याय संहितेत ती कलम ३५१(४) मध्ये आली आहे.

सक्तीची ओळख

खरे नाव सक्तीचे करावे, हा उपाय वारंवार सुचवला जातो. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळखपडताळणी लादली. २०११ मध्ये तेथील सुमारे साडेतीन कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीस गेली आणि ऑगस्ट २०१२ मध्ये संविधान न्यायालयाने ती तरतूद रद्द केली.

महाराष्ट्रातही खऱ्या नावाची किंमत मोजावी लागल्याचे उदाहरण आहे. बाळासाहेब ठाकरे यांच्यावर १८ नोव्हेंबर २०१२ रोजी दादरच्या शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशीच्या बंदविषयी फेसबुकवर स्वतःच्या नावाने लिहिणारी पालघरची एक तरुणी आणि तो मजकूर पसंत करणारी तिची मैत्रीण यांना अटक झाली. एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. या अटकेनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६अ घटनाबाह्य ठरवले.