भगव्या वस्त्रातला इंजिनिअर: बंगळुरू, औंध आणि बायलकुप्पे



हल्ली मोबाइल उघडला की कुठल्या ना कुठल्या युद्धाची दृश्यं समोर येतात. पडलेली घरं, पोरांना कडेवर घेऊन चालणाऱ्या बाया. बघणाऱ्यांपैकी काहींच्या मनात येतं, की हे सगळं सोडावं आणि तिकडे जावं. ज्याची श्रद्धा आहे त्याला ती देवाचीच हाक वाटते. पण हाक आली म्हणजे करायचं काय? नोकरी सोडायची? संन्यास घ्यायचा? आजची गोष्ट याच प्रश्नाची आहे. ती बंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात सुरू होते आणि तिचा मोठा भाग आपल्या औंधात घडतो.

आधी बंगळुरू बघू. १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीज तयार झाली आणि ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. १९०५ साली बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. मग विजेचं सामान परदेशातून का आणायचं, असा विचार म्हैसूर संस्थानात सुरू झाला. १९२६ ते १९४१ या काळात सर मिर्झा इस्माईल दिवाण होते. त्यांच्या काळात सरकारी इलेक्ट्रिक कारखाना निघाला. आज म्हैसूर रोडवरून जाताना 'कविका' ही पाटी दिसते, तोच हा कारखाना. तो चालवण्यासाठी दिवाणांनी युरोपातून एक इंजिनिअर आणला. त्यांचं नाव मॉरिस फ्रीडमन.

फ्रीडमन पोलंडचे, गरीब ज्यू घरातले. फ्रान्समध्ये विजेच्या कामात त्यांनी नाव कमावलं होतं. पण मन तिथं रमत नव्हतं. थिऑसफी झाली, कृष्णमूर्ती झाले, आणि १९३०च्या दशकात बंगळुरूची नोकरी मिळाली. बंगळुरूहून तिरुवण्णामलै जवळ. तिथं रमण महर्षी होते. फ्रीडमन तिथं वारंवार जाऊ लागले. संन्यास घ्यायचा होता, पण महर्षी कुणालाच संन्यासदीक्षा देत नसत. शेवटी केरळात कान्हनगडच्या आनंदाश्रमातल्या स्वामी रामदासांकडून त्यांनी ती घेतली. नाव झालं भारतानंद.

महर्षींबरोबरच्या संवादांचं 'महर्षीज गॉस्पेल' हे छोटं पुस्तक १९३९ साली निघालं. त्यातले बरेच प्रश्न फ्रीडमन यांचे, असं मानलं जातं. पहिलंच प्रकरण काम आणि संन्यास यांवर आहे. महर्षींच्या सांगण्याचा आशय असा, की घर किंवा नोकरी ही अडचण नाही. अडचण आहे 'मी करतो' या भावनेची. ती डोक्यात घेऊन रानात गेलात तर तीही रानात येईल.

ऐकायला हे सोपं आहे. पण १९३८ साली म्हैसूर संस्थानात काय चाललं होतं ते बघा. एप्रिलमध्ये कोलारकडच्या विदुराश्वत्थ या गावी काँग्रेसचा झेंडा लावायला लोक जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. माणसं मेली. देशभरच्या संस्थानांत प्रजा हक्क मागत होती आणि राजे दडपत होते. अशा वेळी संस्थानाच्या पगारावर असलेल्या संन्याशानं काय करावं?

उत्तर औंधाकडून आलं. औंध म्हणजे सत्तरेक गावांचं, पाऊण लाख वस्तीचं संस्थान. तेही एका जागी नाही: काही गावं साताऱ्याकडे, काही आटपाडीच्या माणदेशात, तर गुणदाळचा भाग थेट विजापुरात. राजे होते बाळासाहेब, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रचार करणारे आणि चित्रं काढणारे ते हेच. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब इंग्लंडमध्ये शिकून आले होते. त्यांची बंगळुरूत फ्रीडमनशी गाठ पडली आणि त्यांनी या इंजिनिअरला औंधला नेलं.

फ्रीडमननी तिथं राजासमोर मांडलं, की सत्ता लोकांना देऊन टाका. नवल म्हणजे राजानं ते मानलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये घोषणा झाली. राज्यघटनेच्या मसुद्यासाठी फ्रीडमन आणि आप्पासाहेब गांधीजींकडे गेले, आणि जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. तिची रचना इंजिनिअरला शोभेल अशी होती. गावानं पंच निवडायचे, गावचे प्रमुख मिळून तालुका चालवायचा, आणि तालुक्यांतून विधिमंडळात माणसं जायची. म्हणजे जोर खालून वर.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. खुनासारख्या गुन्ह्यातले कैदी तिथं आले. तुरुंगाची भिंत नाही. बायकापोरांसह राहायचं आणि शेती करायची. जरा विचार करा. वैरात ज्याचा माणूस गेला त्याचं दुःख मोठंच, पण ज्याच्या हातून खून झाला त्याचंही घर उद्ध्वस्त होतं, आणि ते वैर पुढच्या पिढीत जातं. ती साखळी कुठंतरी तोडायला हवी होती. ही गोष्ट पुढं पडद्यावर आली. १९५७ चा व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' तुम्ही पाहिला असेल. त्याची कथा गदिमांची, आणि गदिमा त्याच आटपाडी भागातल्या माडगूळचे. स्वतंत्रपूरची वसाहत आजही आहे.

दरम्यान सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. फ्रीडमन ज्या समाजात जन्मले त्याचं पुढं काय झालं, हे जगाला ठाऊक आहे. पोलंडमधल्या सुमारे ३३ लाख ज्यूंपैकी ३० लाखांच्या आसपास मारले गेले. हा माणूस हजारो मैल दूर माणदेशात होता. परत जाण्याची वाटच नव्हती. तिथल्या एकालाही त्यांना हात देता येणार नव्हता. अशा वेळी माणूस एक तर कडवट होतो किंवा डोळे मिटून बसतो. फ्रीडमन समोरच्या गावात काम करत राहिले. गांधीजींच्या खादीसाठी त्यांनी 'धनुष तकली' तयार केली. हे सूत काढायचं साधं, स्वस्त साधन. गरीब माणूस ते स्वतः बनवू शकेल असं. मोठमोठी विजेची यंत्रं जाणणाऱ्याची ही निर्मिती.

युद्ध पुढं महाराष्ट्राच्याही दाराशी आलं. रशियानं पूर्व पोलंडमधून सायबेरियाला हाकललेली कुटुंबं इराणमार्गे भारतात पोहोचली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथं सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्यात जास्त करून बायका आणि मुलं होती. फ्रीडमन यांच्या सहकारी वांडा दिनोव्स्का, ज्यांना इकडे उमादेवी म्हणत, पोलिश निर्वासितांसाठी झटत होत्या. १९४४ साली या दोघांनी मद्रासला इंडो-पोलिश ग्रंथालय काढलं आणि भारतीय ग्रंथ पोलिश भाषेत आणायला सुरुवात केली. ज्यांचं सगळं गेलं त्यांना धान्य लागतं, तशी भाषाही लागते. हे फार थोड्यांना सुचतं.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासातून निघून भारतात आले. त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी हिमालय ओलांडून आले. उमादेवी आणि फ्रीडमन, दोघंही या कामात उतरले. थंड हवेतल्या या माणसांना ठेवायचं कुठं? म्हैसूर राज्यानं जमीन देऊ केली. बंगळुरूहून सव्वादोनशे किलोमीटरवर, बायलकुप्पे इथं, १९६० साली सुमारे ३,००० एकरांवर पहिली वसाहत सुरू झाली. जंगल तोडून शेतं केली. पुढं हुबळीजवळ मुंडगोडलाही वसाहत झाली; बेळगाव-धारवाडकडच्या मंडळींनी ती पाहिली असेल. उमादेवींचा अखेरचा काळ याच लोकांत गेला. १९७१ साली म्हैसूरमध्ये त्यांचं निधन झालं.

आणि फ्रीडमन? ते मुंबईत राहिले. तिथं खेतवाडीत निसर्गदत्त महाराज विडीचं दुकान चालवत आणि माडीवरच्या खोलीत मराठीतून बोलत. महाराजही १९३७च्या सुमारास घर सोडून निघाले होते आणि वाटेतूनच परत येऊन दुकानात बसले होते. फ्रीडमननी त्यांचे संवाद इंग्रजीत आणले. ते पुस्तक १९७३ साली निघालं आणि जगभर गेलं. शेवटच्या आजारात महाराज त्यांच्याजवळ होते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. औंधचा प्रयोग १९४८च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झालं तेव्हा संपला, म्हणजे नऊ वर्षं टिकला. तिबेटी अजून परत गेलेले नाहीत. कुणी म्हणेल, मग मिळवलं काय? माझ्या मते, फ्रीडमन यांच्या आयुष्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्यांनी भगवी वस्त्रं घेतली, पण अंगातलं इंजिनिअरपण टाकलं नाही. घटना, वसाहत, तकली, ग्रंथालय या सगळ्यात तोच हात आहे. काय मोडलंय ते बघायचं आणि जोडायचं. शिवाय प्रत्येक ठिकाणी नाव दुसऱ्याचं झालं: राजाचं, गांधीजींचं, महाराजांचं. महर्षींनी सांगितलेला 'मी करतो' हा अडसर त्यांनी असा कामातच झिजवला.

म्हणून तुमच्यापैकी कुणाला अशी हाक ऐकू येत असेल, तर आधी स्वतःच्या हाताला काय येतं ते बघा. नर्स असाल, हिशेब येत असेल, दोन भाषा येत असतील, तर त्याचीच कुणाला तरी गरज आहे. जिथं जायची इच्छा आहे तिथं जाता येईलच असं नाही. फ्रीडमनना वॉर्साला जाता आलं नाही. आटपाडीला जाता आलं. आणि आटपाडीतल्या कैद्यांच्या मुलांना त्याचा उपयोग झाला.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.