शिशुवय आणि आधुनिक चित्रकला (मावळ–लोणावळा)

तीन ते सहा वर्षांच्या, म्हणजे अंगणवाडी-बालवाडीच्या वयातील मुलांची कलादालनात नेऊन आधुनिक चित्रांशी ओळख करून देणे, हा या टिपणाचा विषय. मावळ तालुका मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान, लोहमार्गावर आहे. त्यामुळे लोणावळा, मळवली, कामशेत किंवा तळेगावच्या मुलाला दोन्हींपैकी कोणत्याही शहरातील दालन पाहून त्याच दिवशी घरी परतता येते.

मावळाला चित्रांचा शेजार जुना आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला शिळाछापखाना १८९९ मध्ये मळवलीजवळ आला. पुढे १९०१ मध्ये तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढायचे आणि त्यातून लक्ष्मी, सरस्वती उमटायच्या. ही चित्रे देव्हाऱ्यात आणि माजघराच्या भिंतीवर गेली. कित्येक मराठी मुलांनी आयुष्यातले पहिले चित्र पाहिले ते आजीच्या कडेवरून, तिच्या बोटाच्या रोखाने. १९७२ च्या आगीत छापखाना भस्मसात झाला. पण कडेवरून, जवळून आणि रोज चित्र पाहण्याची ती रीत लहान मुलासाठी सर्वांत योग्य होती, आणि नेमकी तीच कलादालनात हरवते.

तिथे चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येईल असे टांगतात. चार वर्षांच्या मुलाची उंची असते मीटरभर. ते मान वर करून पाहते तेव्हा बऱ्याचदा त्याला काचेवरची दिव्याची चमकच दिसते. उपाय साधा आहे: चार पावले मागे सरून सगळ्यांनी, मोठ्यांनीसुद्धा, फरशीवर मांडी घालून बसावे. एका भेटीत तीन चित्रे पुरे. पूर्ण दालन फिरवण्याचा हट्ट मुलांना थकवतो आणि पुन्हा येण्याची इच्छाच मारतो.

आधुनिक चित्र ‘मुलांना कळणार नाही’ हा समज चुकीचा आहे. या वयाचे मूल स्वतः आधी रेघोट्या मारते आणि मग ‘हा पाऊस’ म्हणून त्यांना नाव देते. पुढच्या क्षणी त्याच रेघा ‘आत्याची गाडी’ होतात. आकाराला एकच अर्थ असला पाहिजे, ही अट त्याने अजून मान्य केलेली नसते. चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्या ‘बिंदू’च्या चित्रापुढे अडखळतो तो मोठा माणूस. या बिंदूचे मूळही बालपणात आहे: चंचल रझांचे चित्त एकाग्र व्हावे म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले होते. चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या चित्रांतील पान, घड्याळ, सफरचंद या वस्तू तर मुलाच्या ओळखीच्याच. फक्त त्या अनोळखी जागी येऊन बसलेल्या असतात.

चित्रापुढे मोठ्यांनी तीनच प्रश्न विचारावेत: यात काय चाललंय? तुला असं कशावरून वाटलं? अजून काय दिसतंय? अमेरिकेत ॲबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांनी रूढ केलेली ही पद्धत बालवाडीच्या ताईंना सहज जमते, कारण या पद्धतीला कलेतिहास लागत नाही. लागतो तो धीर. उत्तर यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण चित्राचा अर्थ सांगून टाकला की मूल चित्राऐवजी आपल्या तोंडाकडे पाहू लागते.

याची तयारी घराजवळच करता येते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत. फक्त पुढचे अंग भिंतीतून बाहेर आलेले. शेजारच्या एकवीरा देवीच्या दर्शनाला आलेले मूल तिथे हमखास विचारते, ‘बाकीचा हत्ती कुठाय?’ कलाकाराने काय दाखवले नाही, हे त्याला दिसले. बरवे पाहायला एवढी शिदोरी पुरते.

मुंबईत १९५२ पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी आणि तिच्या जवळच, कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ही मुख्य ठिकाणे. पुण्यात घोले रस्त्यावरील राजा रविवर्मा कलादालन लोकलने शिवाजीनगरला उतरून गाठता येते.

आंदर मावळ, पवन मावळातील वाड्यांवरच्या मुलांना मात्र हा प्रवास अवघडच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात शाळा मुलांच्या अंगणात नेली, त्यातूनच अंगणवाडी आली. चित्रांनीही त्याच वाटेने जायला हवे. एका मोठ्या, उत्तम छापलेल्या चित्राची प्रत अंगणवाडीच्या भिंतीवर, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर लावावी आणि महिनाभर तशीच राहू द्यावी. मुले तिला हात लावतील, एखादा कोपरा फाटेल. तो चिकटवून घ्यावा.