लोखंडी नांगराची परीक्षा

माल उत्तम असला म्हणजे तो खपतोच, असें पुष्कळांस वाटतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा अनुभव निराळा होता. मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनीं बेळगांवीं भावाबरोबर सायकलींच्या दुकानांत लक्ष घातलें. मग कडबा कापण्याचें यंत्र काढलें. त्याचा उपयोग गोठ्यांत डोळ्यांदेखत दिसे. पुढें केलेल्या लोखंडी नांगराचें तसें नव्हतें. लोखंडानें जमिनींत विष भिनतें, ही शेतकऱ्यांची समजूत! आपणां शहरवासीयांस हसूं येईल; परंतु नांगर फसला तर कारखानदाराचा एक नग जाई, शेतकऱ्याचें वर्षाचें पीक. नव्या धंद्याचा हिशेब करतांना गिऱ्हाइकाची ही जोखीम कितीजण मांडतात? पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं कुंडलजवळचा निवडुंगानें भरलेला माळ दिला. नांगराचा कारखाना तिकडे गेला.