दक्षिण ट्रॅपखालील भूकवचाचे समन्वेषण

दक्षिण ट्रॅपखालील भूकवचाचे समन्वेषण : जाड आवरणाखाली झाकल्या गेलेल्या भूकवचाची जाडी व रचना भूकंप तरंगांच्या साहाय्याने ठरविण्याचे संशोधन. अंटार्क्टिकात हे आवरण हिमाचे, तर महाराष्ट्राच्या बहुतेक भागात ते बेसाल्टाचे आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत नाणेघाटाचा कडा, शिवनेरीचे कातळ व भीमाशंकरचे डोंगर यांत लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले दिसतात. घाट उतरून कोकणात गेले, तरी पायथ्याशी बेसाल्टच लागतो. लेणी कोरणाऱ्यांपासून विहिरी खणणाऱ्यांपर्यंत सर्वांचा संबंध या काळ्या पाषाणाशीच आला. त्याचा तळ मात्र कोणासही दिसला नाही.

स्फोटजन्य तरंगांनी हिमाची जाडी मोजण्याचे प्रयोग आल्प्समधील हिमनद्यांवर १९२० नंतरच्या दशकात झाले. आल्फ्रेट व्हेगेनर यांच्या १९३०-३१ च्या ग्रीनलंड मोहिमेतही हीच रीत वापरली गेली. १९५८ मध्ये सोव्हिएट संशोधकांना पूर्व अंटार्क्टिकाच्या हिमाखाली एक संपूर्ण पर्वतरांग आढळली. तिला ग्रिगोरी गंबुर्त्सेव्ह यांचे नाव दिले आहे. खोल भूकवचाच्या समन्वेषणाची स्फोटपद्धती विकसित करणारे ते हेच शास्त्रज्ञ होत. त्यांची पद्धती सोव्हिएट सहकार्याने भारतात आली आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने १९७० नंतर ती प्रथम कावली-उडुपी या रेषेवर वापरली.

महाराष्ट्रात या कामाची निकड कोयनेने निर्माण केली. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या ६.३ महत्तेच्या भूकंपात सु. १८० माणसे मृत्युमुखी पडली. स्थिर मानलेल्या द्वीपकल्पात हे का घडले, याचे उत्तर बेसाल्टाच्या खाली होते. के. एल्. कैला व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहागर-चोरोची व केळशी-लोणी या रेषांवर सुरुंगांचे स्फोट करून परत येणारे तरंग नोंदले.

यात एक अडचण असते. बेसाल्टात प्राथमिक तरंगांचा वेग सेकंदाला सु. ५ किमी., तर खालच्या ग्रॅनाइटी खडकात सु. ६ किमी. असतो. मध्ये कमी वेगाचे गाळाचे खडक असल्यास त्यांच्या माथ्यावरून प्रणमित तरंग परत येत नाहीत. त्यांची जाडी बेसाल्टाच्याच खात्यात जमा होते आणि पायाखडक वाजवीपेक्षा खोल भासतो. हिमात वेग जेमतेम ३.८ किमी. असल्याने तेथे तळ सहसा स्पष्ट कळतो. या दृष्टीने आपला काळा दगड हिमापेक्षा अधिक फसवा आहे.

कोयना भागात ट्रॅपची जाडी पश्चिमेकडून पूर्वेकडे कमी होत जाते व भूकवच ३६ ते ४० किमी. जाड आहे, असे निष्कर्ष निघाले. पुढे कोयनेजवळ रासाटी येथील वेधनात सु. ९३० मी. बेसाल्टाखाली थेट ग्रॅनाइटी खडक लागला. मध्ये गाळाचे खडक नव्हते. सौराष्ट्रात मात्र ट्रॅपखाली ते आहेत. म्हणून एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे लावता येत नाही.

जुन्नर व आंबेगाव कोयनेच्या बरेच उत्तरेस आहेत. कुकडी प्रकल्पातील पिंपळगाव जोगे, माणिकडोह, वडज, येडगाव व डिंभे ही धरणे येथील ट्रॅपवरच उभी आहेत. प्रत्येक जलाशय भूकंप घडवितो असे नाही. त्यासाठी पायाखडकात आधीच ताणाखाली आलेला विभंग असावा लागतो. असा विभंग वरच्या थरांवरून ओळखता येतोच असे नाही. स्फोटांवाचून भूकवचाची जाडी काढण्याची रीतही आता रूढ आहे. दूरच्या भूकंपाचे प्राथमिक तरंग भूकवचाच्या तळाशी अंशतः दुय्यम तरंगांत बदलतात. दोहोंच्या आगमनातील काही सेकंदांच्या अंतरावरून एकाच भूकंपमापकाखालील जाडी ठरविता येते. गंबुर्त्सेव्ह पर्वतांखालील भूकवच सु. ५५ किमी. वा अधिक जाड असल्याचे अशाच नोंदींवरून समजले.