बोगद्याचे भूविज्ञान
बोगद्याची आखणी, खोदाई व आधार ठरविण्यासाठी करावयाचा खडकांचा अभ्यास. इतर बांधकामांत सामग्री पारखून घेता येते. बोगद्यात डोंगर हीच सामग्री असते आणि ती आहे तशी पदरात घ्यावी लागते.

आखणीच्या मार्गावर आधी छिद्रे घेतात. त्यांतून निघालेले खडकाचे दंडगोल पेटीत क्रमाने मांडतात. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची एकूण लांबी छिद्राच्या लांबीच्या किती टक्के भरते, यावरून खडकाची प्रत कळते. नव्वदच्या वर उत्तम, पंचविसाच्या खाली अगदी निकृष्ट. जिथे दंडगोलाऐवजी नुसता चुराच हाती येतो, त्या जागेकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे.

महाराष्ट्रातील बहुतेक बोगदे दख्खनच्या बेसाल्टात आहेत, आणि इथे कठीण खडक म्हणजे चांगला खडक हा समज फसवतो. घट्ट बेसाल्ट हातोडीखाली खणखणतो, पण तो संधींनी, म्हणजे भेगांनी, चिरलेला असतो. त्या संधींतून पाणी झिरपते आणि छताचे ठोकळे निसटतात. पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइट अशा खनिजांनी भरलेला कुहरी बेसाल्ट त्याहून मऊ, पण त्यात संधी कमी. तो न कुजलेला असेल, तर बोगद्याला पुष्कळदा तोच अधिक मानवतो.

दोन लाव्हाथरांमधला तांबडा मातकट थर, म्हणजे ‘बोल’, हा खरा घातकी. ताजा तुकडा दगडासारखा दिसतो. तोच पाण्यात टाकला की पापुद्रे सुटून त्याचा चिखल होतो. थर जवळजवळ आडवे असल्यामुळे असा पट्टा एकदा छताशी आला की दूरवर पाठ सोडत नाही. म्हणून आखणीची पातळी थोडी वरखाली करतात. ते जमत नसेल तर पट्टा उघडा पडताच त्यावर काँक्रीटचा फवारा मारतात.

खडकावर किती भिस्त ठेवता येते हे कोयनेत दिसले. १३ मार्च १९९९ रोजी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली खोदत नेलेल्या बोगद्याच्या टोकाशी राखलेले खडकाचे बूच सुरुंगाने उडवून, धरण रिकामे न करता, पाणी बोगद्यात घेण्यात आले. तोवर वरच्या साऱ्या पाण्याचा भार त्या खडकाने पेलला होता.

उलट अनुभव कोकण रेल्वेचा. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटरचा, पण बेसाल्टातला. गोव्यातील पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा. मात्र तो जांभ्याखालच्या पाण्याने भिजलेल्या मातीतून न्यायचा होता. खोदलेली जागा पुन्हापुन्हा ढासळे. काम वर्षानुवर्षे रेंगाळले, माणसेही गेली. सारा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला, त्याआधी शेवटपर्यंत अडून राहिलेला भाग हाच. जुलै २०२४ मधल्या पावसात याच बोगद्यात पाणी आणि चिखल शिरला आणि गाड्या थांबवाव्या लागल्या.