पाणंदीतली जीप

जपानी भाषेत कृत्तिका नक्षत्राला सुबारू म्हणतात. त्या नावाच्या मोटारीच्या बिल्ल्यावर सहा तारे असतात, एक मोठा आणि पाच लहान. १९५३ साली पाच कंपन्या एकत्र येऊन फुजी हेवी इंडस्ट्रीज ही कंपनी उभी राहिली, त्याची ती खूण. आपल्याकडेही कृत्तिका सहाच, कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या सहा माता. मेलबर्नला राहणाऱ्या माझ्या भाच्याला हे सांगितले तेव्हा तो फारच खूश झाला. त्याच्याकडे पंचवीस वर्षांची जुनी सुबारू आहे आणि त्याचा निम्मा रविवार तिच्याखाली उताणे पडून जातो. गाडीची उंची वाढवायची, जाड टायर लावायचे, मग मित्रांसोबत चिखलात, नदीपात्रात घालायची. परत आल्यावर पुन्हा खोलायची! त्याने मला विचारले, "मामा, आपल्या बारामती-इंदापूरकडे ही हौस का नाही?"

मी म्हटले, बाबा रे, होती. फक्त तिला कोणी हौस म्हणत नव्हते.

मंडळी, त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आज लिहितो आहे.

आधी सुबारूचेच पाहा. चारही चाकांना जोर देणारी तिची स्टेशन वॅगन १९७२ साली बाजारात आली. तिच्यामागे जपानमधल्या तोहोकू या बर्फाळ भागातल्या वीज कंपनीची मागणी होती. बर्फातून तारा-खांब तपासत हिंडणाऱ्या माणसांना जीपसारखी चालणारी, पण जीपपेक्षा ऊबदार गाडी हवी होती. ऑस्ट्रेलियात याच घराण्यातली ब्रम्बी नावाची छोटी मालवाहू गाडी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे राबवली. ती जुनी झाली, स्वस्तात मिळू लागली, तेव्हा ती हौशी पोरांच्या हाती गेली. म्हणजे तिकडेही आधी काम आणि मग हौस. भारतात मात्र सुबारू अशी रुळली नाही. तिची फॉरेस्टर ही गाडी २००० नंतरच्या दशकात काही वर्षे शेवरोले या नावाने विकली गेली, एवढेच. आपल्याकडे ती जागा जीपची होती.

जीप जन्मली युद्धात. १९४० साली अमेरिकन सैन्याच्या मागणीवरून बँटम या लहान कंपनीने पहिला नमुना केला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप काढल्या. चार सिलिंडरचे साधे पेट्रोल इंजिन, ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास, आणि सगळे भाग असे की साधा शिपाई रस्त्याकडेला पाना घेऊन खोलू शकेल. तिचे खरे मर्म हेच आहे.

के. सी. महिंद्रा युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या पुरवठा मंडळाचे काम पाहत होते. तिथे त्यांची विलीजचे अभियंते बार्नी रूस यांच्याशी ओळख झाली. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी कंपनी काढली, तिचे नाव महिंद्र अँड मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे आधी अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये इकडच्या कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. सुट्या भागांतून मुंबईत जीप जोडायला तोवर सुरुवात झाली होती.

त्याच १९४८ साली जीपमुळे देशातला पहिला मोठा घोटाळाही गाजला. काश्मीरच्या लढाईसाठी लंडनच्या आपल्या उच्चायुक्त कार्यालयामार्फत दोन हजार जुन्या, दुरुस्त केलेल्या जीप घ्यायचे ठरले. आल्या फक्त १५५, आणि त्याही लष्कराने नापसंत केल्या. राजकारण बाजूला ठेवले तरी यात एक धडा आहेच. जुनी गाडी चांगली की वाईट, हे तिच्या वयावर ठरत नाही. ती कोणाच्या हाताखालून गेली, यावर ठरते.

मोटारीच्या इतिहासात आपल्या तालुक्याचाही एक कोपरा आहे, तो तरुण मंडळींना ठाऊक नसतो. वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईच्या रस्त्यांवर धावलेली पद्मिनी त्याच घरची. उसाच्या फडात उभा राहून मोटारींचे स्वप्न पाहणारा माणूस इंदापूर तालुक्यात वावरून गेला! आणि आज बारामतीत पियाजिओच्या तीनचाकी आणि स्कूटर तयार होतात, हेही जाता जाता सांगतो.

पण आमच्या लहानपणी खेड्यात पद्मिनी येत नसे. यायची ती जीप. निरा डाव्या कालव्याने १८८५ पासून बारामतीकडे पाणी आणले, मागोमाग ऊस आणि कारखाने आले. काळी माती आणि पाणी एकत्र आले की काय होते, हे आपल्याला सांगायला नको. पावसाळ्यात पाणंदीत बैलगाडी आसापर्यंत रुतायची. चाकाला मातीचे एवढाले गोळे चिकटायचे की चाक गोल आहे हेच कळायचे नाही. तिथून कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची जीप गुरगुरत पार व्हायची आणि आम्ही पोरे मागे धावायचो.

१९६२ साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप आली. तेव्हापासून जीप आली म्हणजे सरकार आले असे समीकरणच झाले. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या आणि खडी फोडायच्या कामांवर मोजमापे घ्यायला जीपच यायची. तेव्हा तिची वाट पाहिली जाई, कारण तिच्यामागे हजेरीचे पैसे येत. उजनी धरणाच्या काळात भीमाकाठची गावे उठली, तेव्हा मात्र हीच जीप दिसली की बायाबापड्यांच्या पोटात गोळा यायचा. आणीबाणीत नसबंदीच्या मोहिमेत तर जीपचा आवाज ऐकून माणसे उसात दडून बसत. गाडी तीच, चालक तोच. आत कोण बसले आहे, त्यावर सगळे!

सरकारी जीप म्हातारी झाली की तिचा लिलाव होई. तो घ्यायचा बागायतदार किंवा एखादा धडपड्या पोरगा. आणि मग सुरू होई ते, ज्याला माझा भाचा मॉडिफिकेशन म्हणतो.

१९७३ नंतर पेट्रोल भडकले. पेट्रोलची जीप पोसणे म्हणजे हत्ती पोसणे झाले. मिस्त्री लोकांनी पेट्रोल इंजिन उतरवून तिथे डिझेल इंजिन बसवायला घेतले. इंजिनाचे पाय वेगळे, गिअरबॉक्सला जोडणारी तबकडी वेगळी, वजन जास्त म्हणून पुढच्या पाट्यांत एखादे पान वाढवायचे. हे सगळे नकाशाशिवाय, पट्टीने मापून आणि वेल्डिंगने! कंपनीनेही पुढे ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये घातले आणि ऐंशीच्या दशकात प्यूजोच्या बनावटीचे. ते इंजिन असलेली एमएम-५४० अजून हौशी लोक शोधत हिंडतात.

मग आले वडाप. जीपला मागून लांबवायचे, समोरासमोर बाके टाकायची, वर ताडपत्रीचे हूड शिवून घ्यायचे. बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी करत इंदापूर. आत किती माणसे बसतात हा गणिताचा प्रश्न मी वर्गात कधी घातला नाही, कारण उत्तरावर मुलांचा विश्वास बसला असता आणि परीक्षकाचा बसला नसता! फिलिपिन्समध्ये युद्धानंतर उरलेल्या जीप अशाच लांबवून जीपनी तयार झाल्या आणि ती त्या देशाची ओळख झाली. आपल्या वडापचे तेवढे कौतुक कोणी केले नाही. असो.

आमच्या भागात रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये काम करणारे एक मिस्त्री आहेत. शिक्षण चौथी. त्यांच्याकडे बसणे हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. त्यांच्याकडून कळलेल्या दोन-चार गोष्टी सांगतो.

जीपला मुख्य गिअरखेरीज आणखी दोन दांडे असतात. एकाने पुढच्या चाकांना जोर जातो, दुसऱ्याने गाडी हळू पण जास्त ताकदीने चालते. डांबरी रस्त्यावर पुढचा जोर कधी लावायचा नाही. कारण वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि मधल्या दांड्याला पीळ बसतो. चिखलात चाक थोडे घसरते, त्यामुळे तो पीळ आपोआप सुटतो. "सर, चिखल गाडीला माफ करतो, डांबर करत नाही," हे त्यांचे वाक्य.

पाण्यातून पेट्रोलची जीप न्यायची तर पंख्याचा पट्टा काढून ठेवायचा, नाहीतर पंखाच पाणी उडवून डिस्ट्रिब्युटर भिजवतो. ओढा पार करून आल्यावर आसातले तेल पाहायचे. ते दुधट दिसले तर आत पाणी गेले आहे, त्याच दिवशी बदलायचे. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरची, ती ते नजरेने लावतात. मी एकदा मापकपट्टीने तपासून पाहिली. बरोबर होती.

आज जुन्या जीपची हौस पुण्या-मुंबईत आहेच. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा सुरू झाली, तिथे अशा गाड्या छातीभर चिखलातून नेतात. पण कायदा कडक होत चालला आहे. कंपनीने ठरवलेल्या रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी २०२१ च्या नियमांनी आली, पण तिच्यात मोठा बदल केलेला चालत नाही आणि ती रोजच्या वापराला काढता येत नाही. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच संपते. म्हणजे कचेरीतून लिलावात, लिलावातून शेतात हा जुना मार्ग बंद झाला.

हे नियम चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. ब्रेक धड नसलेल्या वडापमध्ये माणसे कोंबलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचे परिणामही. धूरही काही कमी नव्हता. पण व्हिंटेजच्या नियमात एक गंमत आहे. तो मूळ रूपातल्या जीपला मान देतो. आमच्याकडची जीप मूळ रूपात कधी राहिलीच नाही. तिचे इंजिन बदलले, पाठ लांबली, हूड शिवले गेले. तिचा इतिहास त्या बदलांतच आहे, आणि नोंदवहीत त्याला जागा नाही.

लोखंड एक वेळ टिकेल. कोणी शहरातला हौशी माणूस घेईल, रंग देईल, लग्नात मिरवेल. प्रश्न त्या हातांचा आहे. मिस्त्रींचा मुलगाही हुशार आहे, पण तो नव्या गाड्यांना संगणक जोडून दोष वाचतो. त्याचे काही चुकत नाही, पोट त्यावरच आहे. मात्र आवाज ऐकून दोष ओळखायची विद्या वडिलांबरोबर जाणार, हे दोघांनाही माहीत आहे. आम्ही मोडी लिपी अशीच जाऊ दिली. आता घरोघरी दप्तरे पडून आहेत आणि वाचणारा सापडत नाही.

म्हणून गेल्या वर्षापासून मी एक दोनशेपानी वही केली आहे. मिस्त्री बोलतात, मी लिहितो. कोणते इंजिन कोणत्या गिअरबॉक्सला कसे जोडले, कोणत्या गाडीचा क्रॉस कोणत्या गाडीला चालतो, कोणत्या वर्षी कोणाची जीप लांबवली. आकृत्या त्यांच्या नातीने काढल्या आहेत, ती यंदा आयटीआयला आहे. ऐंशी पाने झाली. मध्ये मध्ये ते थांबतात आणि म्हणतात, "सर, हे लिहून येत नाही, हात लावावा लागतो." मग मी तसेच लिहितो, की इथे हात लावावा लागतो.

तुमच्या गावात असा कोणी मिस्त्री असेल, तुमच्या घरी लिलावातली जीप आली असेल, तर आठवते तेवढे लिहून ठेवा. मला कळवलेत तर वहीत जागा आहे.